तू ठेवून घेतलेला बुधवार

शैला, तुझ्या फ्युनरलला मी दुसऱ्या रांगेत बसले.

पहिली रांग फॅमिलीची, असं त्या काळ्या कोटातल्या बाईनं सांगितलं आणि माझ्या पोटच्या पोरीला हाताला धरून तिथं नेऊन बसवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अँड यू आर?" काय सांगू? मैत्रीण, म्हटलं. लग्न तू केलं नाहीस, सांगलीच्या तुझ्या भावाला व्हिसा वेळेत मिळाला नाही, तेव्हा त्या अख्ख्या रांगेत एकटी अनू. काळी साडी नेसून, केस घट्ट बांधून. साडी तुझी होती, मी लगेच ओळखली. माझ्या कपाटात तीन काळ्या साड्या आहेत, पण तिनं मला विचारलंसुद्धा नाही.

मग ती बोलायला उठली. तिचं मराठी कसं आहे ते तुला माहीतच आहे, तूच शिकवलंस. "मावशी माझा घर होता," म्हणाली. मँचेस्टरची दहा-बारा मराठी डोकी बसली होती, पण कुणी हसलं नाही. अविनाश तर चष्मा काढून डोळे पुसत होता, माझा नवरा, जो स्वतःच्या वडिलांच्या वेळीही रडला नव्हता. मी काय केलं सांगू? मनातल्या मनात तिचं वाक्य नीट केलं, रोजच्या सवयीनं. आणि नीट केल्यावर ते आणखीच झोंबलं.

आता तू नाहीस, तर सांगूनच टाकते. मी तुझ्यावर जळायचे. अजून जळते. तुझी शवपेटी दहनासाठी पडद्याआड गेली तेव्हा मी रडले, त्यातलं थोडं तुझ्यासाठी होतं, बाकीचा नुसता जळफळाट होता.

आणि हे सगळं मीच ओढवून घेतलेलं. मीच आले होते तुझ्या दारात, अनूची बॅग घेऊन. तेव्हा मी भूल देण्याचं शिक्षण घेत होते आणि दर सहा महिन्यांनी रोटेशन दुसऱ्या गावी. आज बॅरो, उद्या लँकेस्टर, परवा ब्लॅकपूल. सोमवारी पहाटेची ट्रेन, शुक्रवारी परत. अविनाश सर्जरीत, तोही दर तिसऱ्या दिवशी ऑन-कॉल. पोर पाच वर्षांची. आणि लेव्हनशूमच्या आमच्याच रस्त्यावर, दोन दारं सोडून, तू दिवसभर घरात बसून पीएचडी करत होतीस.

"सहाच महिने गं," मी म्हटलं.

तू तोंडातली पेन्सिल काढून म्हणालीस, "विजू, सहा महिन्यांसाठी म्हणून घेतलेलं कुणी सहा महिन्यांत परत करत नाही. माझा अख्खा थीसिस त्याच्यावर आहे." आणि हसून बॅग आत घेतलीस. पुढे ते साडेतीन वर्षं चाललं.

तुझा विषय लोकांना सांगायची सोय नव्हती. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी बाई कौतुकानं विचारायची, काय करता हो तुम्ही, आणि तू म्हणायचीस, "बेटं परत कशी करतात ते शिकते." मग त्या माझ्याकडे बघायच्या. मीच समजावून सांगायचे. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेनं जपानचं ओकिनावा बेट स्वतःकडे ठेवून घेतलं, पाव शतकाहून जास्त. आणि पुढे एकही गोळी न झाडता, नुसत्या बोलण्यांतून, टेबलाशी बसून, परत केलं. तू ते सगळे खलिते, मसुदे, खोडाखोडी वाचत बसायचीस. कुठला शब्द कुणी का बदलला, ह्याच्यात तुला काय गोडी वाटायची देव जाणे.

त्यातली एक गंमत मात्र मला तू स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितली होतीस, ती पाठ आहे. ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, तिथं डॉलर चालायचे, तिथल्या माणसाला टोकियोला जायचं तर कागदपत्रं लागायची, तरी करारात म्हणायचे की बेटाची मूळ मालकी जपानचीच. मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा. सांगता सांगता तू अनूच्या तोंडात घास घातलास आणि म्हणालीस, "म्हणजे बघ, लेक तुझी, कारभार माझा." मी हसले. मोठ्यानं हसले, कारण घास कारल्याच्या भाजीचा होता. कारलं! माझ्याकडे पोर बटाट्याला नाक मुरडायची.

शुक्रवारी मी स्टेशनवरून थेट तुझ्याकडे यायचे. अंगाला हॉस्पिटलचा वास, पाय सुजलेले, पण आठवडाभर त्या दाराची वाट बघितलेली. आणि दार उघडलं की ती तुझ्या मांडीवरून मान वळवून म्हणायची, "आई, एक मिनिट." तुझी गोष्ट संपायची असायची. मी पॅसेजमध्ये कोट न काढता उभी राहायचे. ते एक मिनिट मी कधी विसरले नाही, शैला. तुझ्या हिशेबी गोष्ट पुरी करत होतीस. मला वाटायचं, मुद्दाम लांबवतेस.

बरणीचं तर मी अनेक वर्षं मनावरसुद्धा घेतलं नव्हतं. एका शुक्रवारी अनू तुझ्याकडून मार्मलेडची बरणी घेऊन आली, आत तुझ्या परसातली माती. काळी, ओली, गांडूळबिंडूळ असेल. मी ऑपरेशन थिएटरमध्ये दिवसभर हात धुणारी बाई. "अगं काय ही घाण घरात," म्हणून मी ती मागच्या दाराशी गटारात ओतली आणि बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन काढली. ती रडली नाही. "ओके," म्हणाली आणि जिना चढून वर गेली. मला आपलं वाटलं, किती शहाणी आहे.

पुढे तुझं पुस्तक आलं. लायब्ररीत तुझं भाषण होतं, अविनाशनं पुढच्या खुर्च्या धरल्या होत्या, आणि तू ती गोष्ट सांगितलीस. ओकिनावातल्या एका शाळेची बेसबॉलची टीम जपानच्या मोठ्या मैदानावर खेळायला गेली. हरली. निघताना पोरांनी मैदानातली माती बरोबर घेतली, आठवण म्हणून. बोटीनं घरी पोचली तर बंदरावरचे अधिकारी म्हणाले, ही परदेशातली माती, नियमात बसत नाही. आणि ती समुद्रात टाकून दिली. लोक चुकचुकले. मला मार्मलेडची ती बरणी आठवली.

गाडीत मी तुला विचारलं, "अनूला ही गोष्ट लहानपणी सांगितली होतीस?"

"तिला सगळ्याच गोष्टी सांगितल्यात."

"ती बरणीतून माती घेऊन आली होती."

"माहितीय."

"मग मला बोलली का नाहीस?"

तू सीटबेल्टशी झटापट करत म्हणालीस, "तू दमलेली असायचीस गं."

त्या वाक्याचा मला किती राग आला होता म्हणून सांगू! भांडली असतीस, दोन शब्द सुनावले असतेस तर बरं झालं असतं. तू मला समजून घेतलंस. मला समजून घेणारी माणसं मला सहन होत नाहीत, आणि हे तुला चांगलं ठाऊक होतं.

पण मी पुढेच गेले. आपला करार सांगायचा राहिलाच.

मला मँचेस्टरमध्येच कायमची नोकरी लागली, तेव्हा अनू साडेआठ वर्षांची होती. मी तुला म्हटलं, उद्यापासून ती घरीच राहील. तू म्हणालीस, "एक आठवडा दे. मी बोलते तिच्याशी." मला तेही टोचलं. माझी मुलगी मला परत द्यायला हिला आठवडा कशाला लागतो? पण गप्प बसले, साडेतीन वर्षांचे उपकार होते ना डोक्यावर.

रविवारी तू आम्हाला चहाला बोलावलंस. टेबलावर पांढरी चादर, दोन बाजूंना दोन पेल्यांत कागदाचे झेंडे, मधोमध टाइप केलेला करार. शिरा केला होतास, तोही भरपूर बेदाणे घालून. अनू पाटावर बसल्यासारखी ताठ. तू चष्मा लावून कलमं वाचलीस. अनू यापुढे आपल्या घरी राहील. पिवळं ब्लँकेट तिच्याबरोबर जाईल. आई वेणी घट्ट घालणार नाही. आणि चौथं कलम: दर बुधवारी शाळेतून अनू मावशीकडे येईल, तिथंच जेवेल, तिथंच झोपेल.

"बुधवार कशाला?" मी विचारलं. आवाज चढला असावा, अविनाशनं टेबलाखालून पाय दाबला.

"बेट परत केलं तरी लष्करी तळ ठेवतात बाई," तू म्हणालीस. "अमेरिकेनंही ठेवले, अजून आहेत. मला एक बुधवार पुरे."

अविनाश खो खो हसला. तू कुंकवात तेल कालवलंस, आणि आम्ही चौघांनी अंगठे उमटवले. माझा अंगठा जरा जास्तच जोरात दाबला गेला, कागद फाटता फाटता राहिला.

तेव्हापासून बुधवार तुझा. दहावीसारखी इथली ती जीसीएसई परीक्षा होती तेव्हाही तुझा. ती युनिव्हर्सिटीत गेली, लंडनमध्ये एजवेअरला घर घेतलं, तरी बुधवारी संध्याकाळी साडेसहाला फोन तुलाच. मला रविवार. रविवारी मी विचारायची यादी काढून ठेवायचे. जेवतेस का, ब्लड टेस्ट केलीस का, बॉयलरवाला आला का. दहा मिनिटांत संपायचं. तुमचा फोन दीड तास चालायचा. एकदा मी न राहवून अनूला विचारलंच, काय बोलता गं एवढं? ती म्हणाली, "मावशी काही बोलत नाही. ती भाजी कापते. मी बोलते." आता सांग, ह्यात शिकण्यासारखं काही होतं की नव्हतं? पण तुझ्याकडून शिकायचं म्हणजे माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी यादी आणखी लांब केली.

मला वाटायचं, हा बुधवार तू काढून घेतलास. चांगुलपणाचं सोंग घेऊन, झेंडे लावून, शिरा खाऊ घालून, माझ्या आठवड्यातला मधला दिवस कापून घेतलास. आणि वर आयुष्यभर सगळ्या जगाला सांगत फिरलीस की बेट परत करताना बेटावरच्या माणसांना कुणी विचारलं नाही. दोन सरकारं टेबलाशी बसली, आणि ज्याचं घर तिथं होतं तो बेटाचा पुढारी आपलं म्हणणं लिहून विमानानं टोकियोला निघाला, तो पोचेपर्यंत मतदान उरकलं होतं. हे सांगताना तुझा आवाज दरवेळी कापायचा. मी म्हणायचे, ज्याचं त्याला मिळालं, तुला काय त्रास आहे? तू म्हणायचीस, "विचारायला हवं होतं गं." तीस वर्षं आपण ह्याच एका वाक्यावर भांडलो.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्येही भांडलो. तुझा आवाज उरला नव्हता, तरी मी सोडलं नाही. मी म्हटलं, "शैले, समज विचारलं असतं. आणि बेटावरचे लोक म्हणाले असते, नाही जायचं आम्हाला परत. मग काय केलं असतंस तू?" तू माझ्याकडे बघितलंस आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, मॉर्फीन. मी जन्मभर लोकांना भूल दिली. झोप कुठली आणि झोपेचं सोंग कुठलं, हे मला तरी कळायला हवं होतं.

तुझ्या घराची किल्ली अनूकडे. पण मला ती देऊन अनू लंडनला परत गेली, म्हणून फ्रिज रिकामा करायला परवा मी गेले. अर्धी कोबी, दही, तुझी ती कडूजहर कारली. ती टाकली नाहीत, घरी आणली. मग तुझ्या खोलीत थीसिसच्या खोक्यांवर धूळ होती ती पुसायला म्हणून बसले आणि एका खोक्यात, मसुद्यांच्या गठ्ठ्यात, शाळेच्या वहीची पानं सापडली. वर तुझं अक्षर: "नियम. बोलायचं नाही. लिहायचं." खाली जांभळं स्केचपेन. अनू.

तो आठवडा तू माझ्याकडून मागून घेतला होतास तो ह्यासाठी. तू आणि साडेआठ वर्षांची पोर, टेबलाच्या दोन बाजूंना बसून, कागद इकडून तिकडे सरकवत होतात. तुझ्या कामाची पद्धतच ती, तोंडी काही नाही, सगळं कागदावर.

पहिल्या पानावर तिनं लिहिलंय: मी मावशीकडे राहणार. सोम मंगळ बुध गुरू शुक्र. आईकडे शनी रवी. आता सारखा.

तू पेन्सिलीनं: आईला आता इथंच नोकरी मिळाली आहे. ती रोज संध्याकाळी घरी असेल.

ती: माहीत आहे. तरी.

तू: आईला वाईट वाटेल.

ती: तू सांगू नको.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, शैला. माझ्या पोरीनं मला नको म्हटलं होतं, लेखी, तिच्या वळणदार अक्षरात. "तरी" हा एवढासा शब्द, पण तोंडात मारल्यासारखा. मी ब्लॅकपूलच्या क्वार्टर्समध्ये तिचा फोटो उशीखाली ठेवून झोपायचे, आणि इथं ही "तरी" लिहीत होती.

दुसऱ्या पानावर तू लिहिलंस: सोमवार आईला दे. तिनं विचारलं: का? तू: कारण ती तुझी आई आहे. मग जांभळ्या अक्षरात: तू नको म्हणते मला? त्याच्याखाली चार-पाच ओळी कोऱ्या. पेन्सिल टेकवून टेकवून एका जागी कागद काळा झालाय. आणि मग: नाही. मला पाहिजेस. सोमवार आईचा.

तिसऱ्या पानावर मंगळवार गेला. चौथ्यावर शुक्रवार, मग गुरुवार. दर दिवसासाठी ती भांडलीय आणि दर दिवस तू तिच्याकडून काढून माझ्या बाजूला लिहिलायस. पाचव्या पानावर तिनं एवढं मोठं अक्षर काढलंय: बुधवार नाही देणार. नाहीतर सही नाही. आणि तू: बरं. बुधवार.

म्हणजे बुधवार तू घेतलाच नव्हतास. तो तिनं धरून ठेवला होता. बाकीचे चार तू सोडवून मला दिलेस.

बेटाला विचारायला हवं होतं म्हणून जगाशी भांडणारी तू. इथं विचारलंस. उत्तर आलं, स्पष्ट, लेखी. आणि ते बाजूला ठेवून तू मला माझी मुलगी परत केलीस. वर तिनं सांगू नको म्हटलं म्हणून जन्मभर सांगितलं नाहीस, मी तोंडावर टोमणे मारत होते तरी. तुला काय वाटतं, मला हे वाचून तुझ्याबद्दल माया दाटून आली? छे! पहिल्यांदा असा संताप आला की वाटलं पानं फाडून टाकावीत. मोठेपणाही तुझ्याच वाट्याला! मला निदान तुझ्यावर रागवायची जागा तरी ठेवायची होतीस, बये. मग बराच वेळ रडले, आणि ह्या वेळी त्यात जळफळाट नव्हता. निदान फारसा नव्हता.

काल मी अनूला फोन केला. "आई? आज मंडे आहे. ऑल ओके?" म्हणाली. मी म्हटलं, मावशीच्या खोक्यात तुमचा तो करार सापडला, त्याच्या आधीची पानं. तिला झेंडे आठवतात, शिरा आठवतो, अंगठ्याचं कुंकू दोन दिवस निघालं नव्हतं ते आठवतं. पानं आठवत नाहीत. "मी काय लिहिला होता?" तिनं विचारलं. आणि मग स्वतःच, "मी घरी येते म्हटला असेल ना? आय मस्ट हॅव."

नुसतं हो म्हणायचं होतं. तू नाहीस, अविनाशला माहीत नाही, पानं माझ्या हातात. मी ते एक हो अगदी जिभेवर आणलं होतं. खरं सांगते.

मग वाचून दाखवलं. पहिल्यापासून, "तरी"सकट, कोऱ्या ओळीसुद्धा सांगितल्या. मग ती हुंदके देत म्हणाली, "सॉरी आई."

"सॉरी कसलं, एवढीशी होतीस."

"मावशीनं मला गिव्ह अप केलं?"

"नाही. तिनं तुला माझ्याकडे दिलं. तुला सोडणं तिला जमलं असतं तर कागदाला एवढा काळा डाग पडला नसता."

नाक पुसत म्हणाली, "आई, आता वेनस्डेला मी काय करू? साडेसहा वाजले की हात फोनकडे जातो."

शैला, ह्या प्रश्नाची मी तीस वर्षं वाट बघितली. उत्तर तयार होतं. मला कर, मी आहे ना, आईला कर. तोंड उघडलंसुद्धा. पण समोर ती पानं पडली होती, आणि माझ्या लक्षात आलं की ह्या पोरीला मी आजवर नुसत्या चौकशा केल्या. विचारलं असं काहीच नाही.

म्हणून म्हटलं, "तुला काय करायचंय?"

तिला अशा प्रश्नाची सवय नव्हती. मग म्हणाली, "आय डोन्ट नो. विचार करून सांगू?"

"सांग," मी म्हटलं. फोन ठेवला आणि उगीच ओटा पुसत बसले.

आज मंगळवार आहे. तुझी कारली चिरून मीठ लावून ठेवली आहेत, यादी केलेली नाही. उद्या साडेसहाला फोन वाजला तर उचलेन आणि ती बोलेल ते ऐकेन. आणि नाही वाजला, तर बुधवार तुझ्याकडेच राहू दे. जळेन, पण मागणार नाही.